सरकी, तेजाब आणि पाण्याचा हिशेब : परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

मानवत तालुक्यातल्या एका गावातल्या शेतकरी गटानं मे महिन्यात देशी कापसाचं घरचं बियाणं तयार केलं. सरकी एकाच रानातली होती, जिनिंगही एकत्रच झालं होतं. तिचे तीन वाटे करून तीन तऱ्हांनी सरकीवरची लव काढली गेली. पहिला वाटा शेण आणि राखेत चोळून वाळवला. दुसरा संहत गंधकाम्लात म्हणजे कडक तेजाबात दोन-तीन मिनिटं ढवळून धुतला. तिसऱ्या वाट्याच्या वेळी कडक तेजाब संपलं होतं, म्हणून गॅरेजमधून बॅटरीचं ॲसिड आणलं. तेही गंधकाम्लच, पण पाणी मिसळलेलं. ‘पातळ आहे, बियाला त्रास कमी होईल, फक्त जास्त वेळ ठेवू’ असा विचार करून बी तासाभराहून अधिक त्यात भिजत ठेवलं.

मृगाआधी गोणपाटावर उगवण पाहिली. शेणराखेचं बी उगवलं. कडक तेजाबाचं बी सगळ्यांत लवकर आणि एकसारखं उगवलं. पातळ ॲसिडातलं जवळपास सगळं मेलं होतं.

गटातला एक तरुण आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. त्यानं तिन्ही वाट्यांचं बी पुड्यांत बांधून आणलं. सोबत त्याचे चुलते होते, ज्यांना गावात सगळे नाना म्हणतात. नानांचा प्रश्न सरळ होता : “सर, जे तेजाब हाडापर्यंत जाळतं त्यात बी वाचलं, अन् ज्याच्यात बोट बुडवलं तरी लगेच काही होत नाही त्यात मेलं. हे उलटं कसं काय व्हायलं?”

नानांना हे उलटं वाटलं, पण रसायनशास्त्राच्या बाजूनं ते सुलटच आहे. अकरावी-बारावीच्या पुस्तकात ‘निर्जलीकरण’ (रेणूतून पाणी काढून घेणं) आणि ‘जलापघटन’ (पाणी घालून बंध तोडणं) ही दोन प्रकरणं लांब लांब छापलेली असतात. या सरकीत ती एकमेकांना चिकटून होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

लव काढायचीच कशाला

पाकिटातलं संकरित बी रंगवलेलं, गुळगुळीत येतं. जालन्यात १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, तिथून पुढे मराठवाड्यात बियाणं हा एक उद्योगच उभा राहिला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तर घरची सरकी राखून ठेवण्याची रीत बहुतेक गावांतून उठली. देशी सरळ वाणाचं तसं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं महेबूब बाग कापूस संशोधन केंद्र देशी कापसावर काम करत आलं आहे. पीए २५५, पीए ४०२ असे देशी वाण परभणीचेच. सरळ वाण असल्यानं शेतकरी आपलं बी आपण राखू शकतो. अडचण असते ती लवेची.

जिनिंगमध्ये लांब धागा निघतो, पण सरकीच्या अंगावर आखूड, दाट लव राहते. तिच्यामुळे बिया एकमेकींना चिकटून गुंता होतो, तिफणीच्या चाड्यातून त्या सुटत नाहीत. लवेत रोगाचे जंतू आणि किडीचे अवशेष दडून राहतात. शिवाय लव हवा धरून ठेवते, त्यामुळे हलकं, पोचट बी पाण्यात टाकून वेगळं काढता येत नाही. शेणराखेनं लव चिकटून बसते आणि बी सुटं होतं, पण लव जात नाही. तेजाबानं ती जाते. म्हणूनच कृषी शिफारशींत किलोभर सरकीला साधारण १०० मिलिलिटर संहत गंधकाम्ल, दोन-तीन मिनिटं ढवळणं आणि लगेच चार-पाच पाण्यांनी धुणं, अशी पद्धत सांगितलेली आहे.

गटानं दुसऱ्या वाट्याला नेमकं हेच केलं होतं. कोरडी सरकी, प्लास्टिकची बादली, लाकडी दांडा, रबरी हातमोजे. लव कॉफीसारखी काळपट झाली, बी चकचकीत दिसू लागलं, आणि तसं दिसताच सगळं भरपूर पाण्यात ओतलं.

तिसऱ्या वाट्याचं ॲसिड बदललं त्यालाही कारण होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्यानं नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्या कुणाला विकायचं नाही. हे निर्बंध योग्यच आहेत, ज्यांच्या तोंडावर ॲसिड फेकलं गेलं त्यांच्यासाठी ते फार उशिरा आले. नोंदीच्या दुकानात माल नव्हता, पेरणी तोंडावर आली होती आणि गॅरेज जवळ होतं. बाकी काही नाही.

तपासणी

आधी संशय सरकीवर घ्यायला हवा होता. पण त्याच सरकीचे उरलेले दोन वाटे नीट उगवले होते, म्हणजे मूळ बी जिवंत होतं. पाणी, गोणपाट, सावली सगळ्यांना सारखीच. संशय ॲसिडाच्या वाट्यावरच येऊन थांबत होता.

मेलेल्या बिया ब्लेडनं उभ्या चिरल्या. आतला गर पांढरट-पिवळसर असायला हवा. इथे तो रुंद टोकाकडून तपकिरी होत आत गेला होता, टोकदार बाजू मात्र बऱ्याच बियांत अजून उजळ होती. ही खूण महत्त्वाची आहे. सरकीच्या कठीण टरफलातून पाणी कुठूनही शिरत नाही. ते मुख्यतः रुंद टोकाकडच्या मार्गानं आत जातं. म्हणजे जे काही आत गेलं ते पाण्याच्या वाटेनं, पाण्यासोबत गेलं होतं.

गर ऊर्ध्वपातित पाण्यात कुटून त्यात निळा लिटमस (आम्ल ओळखण्याचा कागद) बुडवला. लाल झाला. कडक तेजाबातल्या बियांचा गर तसाच तपासला, त्यात निळा निळाच राहिला. थोडक्यात, कितीतरी तिखट द्रव बाहेरच थांबला होता आणि पातळ द्रव आत घुसला होता.

तिसरी खूण मला प्रयोगशाळेत सापडली नसती. गावात गेलो तेव्हा नानांच्या घरातल्या काकूंनी आपलं सुती लुगडं दाखवलं. “त्या दिशी डाग बी दिसला नाही. दोन दिवसांनी धुतलं तर हे भगदाड.” त्या दिवशी बॅटरीच्या ॲसिडाचे शिंतोडे लुगड्यावर उडाले होते. शेजारीच एका माणसाचा टेरिकॉटचा सदरा होता. त्यावर भोक नव्हतं, पण ठिपक्यांच्या जागी कापड विरून जाळी उरली होती.

लुगडं, सदरा आणि सरकी, तिन्हींची गोष्ट एकच होती.

एका धाग्यात किती पाणी गेलेलं असतं

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. कापसाच्या एका साखळीत दहा हजारांच्या घरात ग्लुकोज असतात. दोन ग्लुकोज जोडताना एकाचा हायड्रोजन आणि दुसऱ्याचा हायड्रॉक्सिल (OH) गट बाजूला होतो, त्यांचं पाणी बनतं आणि उरलेले दोन हात एकमेकांना धरतात. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०, साखळीतल्या प्रत्येक कडीचं १६२. मधला १८ चा फरक म्हणजे पाण्याचा एक रेणू. अशा रीतीनं पाणी बाहेर टाकून दोन रेणू जोडणं म्हणजे संघनन. ही निर्जलीकरणाचीच एक तऱ्हा. प्रथिनातला ॲमिनो आम्लांमधला बंध, सरकीच्या तेलातला ग्लिसरॉल आणि मेदाम्लांमधला बंध, हे सगळे याच हिशेबात बसतात. तेलाच्या एका रेणूत असे तीन बंध, म्हणजे पाण्याचे तीन रेणू गेलेले.

इथे विद्यार्थी नेहमी एक प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. पेशीत सगळीकडे पाणीच पाणी आहे. मग पाण्यात बसून पाणी बाहेर टाकायची अभिक्रिया चालते कशी? पाण्याचा रेटा तर उलटाच असणार, बंध तोडण्याकडे.

पेशी तेजाब वापरू शकत नाही. ती दुसरा मार्ग काढते. ग्लुकोजला आधी यूडीपी नावाचा फॉस्फेटधारी गट चिकटवते. याची किंमत ऊर्जावाहक फॉस्फेट रेणू मोडून चुकती होते. असा भारलेला ग्लुकोज सेल्युलोज सिंथेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती येतो, तो साखळीला जोडला जातो आणि यूडीपी सुटून जातो. जोडताना पाणी मोकळं होऊन बाहेर पडत नाही. पाण्याचा हिशेब आधीच फॉस्फेटच्या खात्यावर चुकता झालेला असतो. शेवटची बेरीज मात्र तीच : प्रत्येक कडीमागे पाण्याचा एक रेणू कमी. बोंडातल्या सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन धागा होते आणि फूल उमलल्यानंतरच्या आठवड्यांत आपल्या भिंतीत थरावर थर सेल्युलोज भरत राहते. कोरडवाहू रानात, पावसानं ओढ दिलेली असताना हे सगळं चालू असतं. झाडाला हा बंध स्वस्तात पडत नाही.

उगवताना गोष्ट उलटते. बियात साठवलेलं तेल आणि प्रथिनं सरळ वापरता येत नाहीत. आधी पाणी घालून त्यांचे बंध तोडावे लागतात. हे जलापघटन. त्यातून मेदाम्लं, ॲमिनो आम्लं सुटतात आणि रोप त्यांच्यापासूनच पुन्हा पाणी वजा करत स्वतःची भिंत, स्वतःची प्रथिनं बांधतं. भिजलेल्या बियात जोडणं आणि तोडणं शेजारी शेजारी चालतं. कुठे काय करायचं हे विकर ठरवतात.

ग्लुकोज जाळून ऊर्जा मिळवण्याच्या वाटेवर अस्सल निर्जलीकरणाची एक पायरीही आहे : एनोलेज नावाचं विकर फॉस्फोग्लिसरेटमधून पाण्याचा एक रेणू काढून टाकतं. फ्लोराइड हे विकर अडवतं. रक्तातली साखर तपासायला रक्त ज्या करड्या टोपणाच्या नळीत घेतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड याचसाठी असतं. नाहीतर नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतील आणि आकडा कमी येईल.

कडक तेजाबात काय झालं

बाजारातलं संहत गंधकाम्ल ९८ टक्के असतं. वजनाचे टक्के बाजूला ठेवून रेणू मोजू. १०० ग्रॅममध्ये आम्ल ९८ ग्रॅम, म्हणजे एक मोल (रेणू मोजण्याचं एकक). पाणी २ ग्रॅम, म्हणजे मोलचा नववा हिस्सा. पाण्याच्या एका रेणूमागे आम्लाचे नऊ रेणू. बॅटरीच्या ॲसिडात आम्ल साधारण ३५ टक्के. तिथे आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू. पाण्याचं आणि आम्लाचं प्रमाण पुरतं उलटं झालेलं.

या प्रकरणाची किल्ली या दोन ओळींत आहे. ‘कडक’ आणि ‘पातळ’ हे शब्द ऐकले की एकच गोष्ट जास्त किंवा कमी जोरात होईल असं वाटतं. इथे गोष्टच बदलते.

ज्या द्रवात पाणी जवळजवळ नाही तिथे आम्ल मिळेल तिथून पाणी ओढतं. सेल्युलोजच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात. हायड्रॉक्सिल एरवी कार्बनला सहज सोडत नाही. पण आम्ल त्याला एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) देतं, तसा तो पाण्याचा रेणू होऊन बसतो, आणि पाणी म्हणून तो सहज सुटतो. सुटलेलं पाणी तिथेच राहिलं तर परत चिकटू शकलं असतं, पण भोवतालचं आम्ल ते लगेच धरून ठेवतं. आम्ल इथे दोन कामं करतं, पाणी सोडवतं आणि सुटलेलं पाणी अडवून धरतं. पहिल्या कामापुरतं ते उत्प्रेरक आहे. दुसऱ्या कामात ते खर्ची पडतं, कारण पाणी धरता धरता ते स्वतः पातळ होत जातं.

साखरेवर संहत गंधकाम्ल ओतून काळा फसफसता खांब उभा राहतो तो प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. ३४२ ग्रॅम साखरेतून कागदावरच्या हिशेबानं १९८ ग्रॅम पाणी जातं आणि १४४ ग्रॅम कार्बन उरतो. लवेचंही तसंच, १६२ ग्रॅम सेल्युलोजमागे ९० ग्रॅम पाणी. बादलीत गोष्ट इतकी स्वच्छ नसते. लव आधी फुगते, थोडी विरघळते, काही साखळ्या तुटतात, काही भाग काळवंडतो. सगळं निर्जलीकरणच असतं असं मी म्हणणार नाही. पण तो काळपट रंग पाणी ओढलं गेल्याची खूण आहे, आणि सगळं मिनिटांत उरकतं.

मग टरफल का वाचलं? लव बारीक आणि विखुरलेली, आम्लाला भिडणारा तिचा पृष्ठभाग प्रचंड. टरफल जाड, घट्ट, मेणचट थराचं, त्यात लिग्निनसारखे चिवट पदार्थ. दोन-तीन मिनिटांत लव संपते आणि टरफलाचा जेमतेम वरचा पापुद्रा पोळतो. संहत आम्ल दाट असतं, पाण्यासारखं फटीतून झिरपत नाही. शिवाय आत मुरायला बियाला लागतं मोकळं पाणी, आणि ते या द्रवात नाहीच. जिनिंगमध्ये कापलेलं, फुटकं बी मात्र इथेही मरतं. टरफलाला तडा असेल तर वेळ पाळून उपयोग नाही. वेळ फार वाढली तर अख्खं बीही मरू शकतं.

नाना ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे त्याची तहान लवेवरच भागली.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

पातळ ॲसिडात काय झालं

बॅटरीच्या ॲसिडाची तहान आधीच भागलेली असते. आम्लाच्या प्रत्येक रेणूभोवती पाण्याचे दहा रेणू. ते लवेतून पाणी ओढत नाही. उलट भोवतालच्या पाण्यालाच प्रोटॉनच्या मदतीनं साखळीत घुसवतं. कडीकडीतला बंध तुटतो, तुटलेल्या जागी पाणी बसतं. हे जलापघटन, संघननाची नेमकी उलटी वाट. आम्ल तेच, कुठल्या दिशेनं न्यायचं ते पाण्यानं ठरवलं.

हे काम साध्या तापमानाला फार सावकाश चालतं. म्हणून दहा मिनिटांनी पाहिलं तेव्हा लव जशीच्या तशी होती. गटानं वेळ वाढवला. वाढवलेल्या वेळात लव थोडी ठिसूळ झाली, पण बियानं तेच केलं जे कुठलंही बी पाण्यात करतं. पाण्याची वाट उघडली, बी भिजू लागलं आणि पाण्याबरोबर आम्ल आत गेलं. पेरणीआधी बी भिजत घालतो तसंच हे भिजवणं झालं, फक्त पाण्यात एक तृतीयांशाहून जास्त गंधकाम्ल होतं.

पुढची पायरी त्याहून वाईट. लव काळी झालेली नव्हती, धोका डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून बी दोनच पाण्यांनी धुतलं आणि मे महिन्याच्या उन्हात पसरलं. उन्हात पाणी उडून जातं. गंधकाम्ल उडत नाही, त्याचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. ओलावा कमी होत गेला तसं लवेत आणि टरफलाच्या सुरकुत्यांत राहिलेलं आम्ल दुपारपर्यंत संहत होत गेलं. सकाळी जे जलापघटन होतं ते संध्याकाळी निर्जलीकरण झालं. पसरलेल्या बियांवर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके दिसले ते यामुळे. गटाला वाटलं बुरशी आली.

काकूंच्या लुगड्यावरचं भोकही असंच उशिरा पडलं. शिंतोडा पडला तेव्हा पातळ होता. वाळता वाळता संहत झाला, साखळ्या तुटल्या, धागे पिठासारखे झाले आणि धुण्याच्या घासणीत गळून पडले. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले असतात. सूत गेलं, पॉलिएस्टरची जाळी उरली. गंमत अशी की पॉलिएस्टरही संघननानंच बनतं, त्याच्या प्रत्येक बंधातून पाणी गेलेलं असतं. पण त्याच्या साखळ्या पाण्याला जवळ येऊ देत नाहीत, घट्ट रचलेल्या असतात, म्हणून पातळ आम्लाला त्या सहज दाद देत नाहीत. बंध कसा बनला यावरून तो किती सहज तुटेल हे ठरत नाही. पाणी आणि आम्ल त्याच्यापर्यंत पोचतात का, हेही पाहावं लागतं.

आमच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, आम्लानं गरातल्या प्रथिनांचे बंध तोडले म्हणून अंकुर मेला का? प्रश्न चांगला आहे, पण उत्तर नाही असं आहे. प्रथिनांचे बंध पूर्ण तोडून ॲमिनो आम्लं मोजायची तर प्रयोगशाळेत त्यांना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला साधारण २४ तास उकडावं लागतं. तासाभराच्या थंड आम्लात साखळी शाबूत राहते. मोडते ती तिची घडी. विकराचं काम त्याच्या घडीवर चालतं. आम्लता बिघडली की घडी उसवते, पेशींचे पडदे फाटतात. एनोलेज आणि बाकीची विकरं तिथे होती, पण कामाची उरली नव्हती. दूध नासतं तेव्हाही प्रथिनाच्या कड्या तुटत नाहीत.

पडताळणी

वेळ दोषी की धुणं, हे वेगळं काढायचं होतं. त्याच सरकीतून मूठमूठ बी घेऊन महाविद्यालयात चार भांडी लावली. एकात कडक तेजाब तीन मिनिटं. दुसऱ्यात बॅटरीचं ॲसिड तीन मिनिटं. तिसऱ्यात बॅटरीचं ॲसिड तासभर, मग चार-पाच पाणी, चुन्याची निवळी आणि लिटमसची खात्री. चौथ्यात बॅटरीचं ॲसिड तासभर, दोन पाणी आणि ऊन, म्हणजे गावात झालं तसंच.

पहिलं छान उगवलं. दुसरंही उगवलं, पण त्याची लव तशीच होती, म्हणजे बादलीभर धोका पत्करून काही साधलं नाही. तिसऱ्याची उगवण विरळ आणि ओढलेली, बरीच रोपं वाकडी, मूळ आखूड. चौथ्यात तुरळक कोंब. तासभर भिजवण्यानं अर्धं नुकसान केलं, उरलेलं न धुतलेल्या आम्लानं आणि उन्हानं केलं. चुन्याची निवळी बाहेरचं आम्ल मारते, आत मुरलेल्या आम्लापर्यंत वेळेत पोचत नाही. तिसऱ्या भांड्यानं हे स्पष्ट दाखवलं.

गटाशी ठरलेलं

बॅटरीचं ॲसिड बियाला कधीच नाही, हे पहिलं. कडक तेजाब नोंदीच्या दुकानातून मिळालं तरच आम्लप्रक्रिया, नाहीतर शेणराख. देशी कापसाच्या थोड्या क्षेत्राला शेणराख पुरते. टोकण करणाऱ्यांना लवेचा त्रास फारसा होतही नाही. मी शिक्षक असूनही सांगतो, रसायन वापरता येतं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही.

दुसरं, सरकी खडखडीत वाळलेली हवी आणि बादलीही कोरडी. सरकी दमट असली तर आम्ल आधी त्या ओलाव्यावर तुटून पडतं आणि उष्णता निघते. हीच उष्णता धुतानाही निघते, म्हणून बियावर तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं नाही; बी एकदम मोठ्या पिंपातल्या पाण्यात सोडायचं. किलोभर बियाला लावलेल्या १०० मिलिलिटर आम्लाची उष्णता २० लिटर पाण्यात दोनेक अंशांत जिरून जाते. तेवढ्याच आम्लावर पावशेर पाणी टाकलं तर ते उकळून अंगावर उडेल. हातमोजे, चष्मा, पायात बूट आणि अंगावर सुती कपडा नाही. शेवटची अट काकूंनी घातली.

तिसरं, धुतल्यावर चुन्याच्या निवळीत बुचकळायचं आणि धुण्याच्या शेवटच्या पाण्यात लिटमस बुडवून पाहायचा. निळा निळाच राहिल्याशिवाय बी वाळायला जाणार नाही. वाळवणंही सावलीत. वाळवताना बियातून मोकळं पाणी जातं, ते भिजवलं की परत येतं. आम्लानं साखळीतून ओढलेलं पाणी परत येत नाही, काळी लव कितीही भिजवली तरी पुन्हा कापूस होत नाही. त्यामुळे वाळत टाकण्याआधीच आम्ल संपलेलं असलं पाहिजे.

धुण्याचं पाणी ओढ्यात सोडू नका, असंही ठरलं. खड्ड्यात चुना टाकून त्यावर ते ओतायचं. गंधकाम्ल आणि चुना मिळून जिप्सम होतं, ते जमिनीला जड नाही.

राहिला प्रश्न मेलेल्या बियांच्या गोणीचा. गटातल्या एकाचं म्हणणं होतं, सरकी आहे, म्हशीला घालू, वाया कशाला घालवायची. मानवतच्या भागात सरकी टाकून देणं कुणाच्याही जिवावर येतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या बियाच्या गरात गंधकाम्ल मुरलेलं होतं, आणि ते किती आहे हे प्रत्येक दाण्यात वेगळं. वरून धुऊन ते निघणार नव्हतं, हे तिसऱ्या भांड्यानंच दाखवलं होतं. गोणी बांधावरच्या खड्ड्यात चुन्याच्या थरावर ओतली, वर पुन्हा चुना आणि माती टाकली. पेरणी शेणराखेच्या आणि दुसऱ्या वाट्याच्या बियावर झाली. कमी पडलं तेवढ्या रानात नानांनी तूर घेतली.